किल्ली कुणाकडे?

आमच्या जुन्या पनवेलच्या घरात, मागच्या पडवीत, बैलगाडीचं एक चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. एकच. त्याचा जोडीदार कधी गेला ते कुणाला आठवत नाही. पावसाळ्यात त्याच्यावर ओल्या छत्र्या वाळतात, एरवी पायपुसणी. भंगारवाला दोनदा चाकाची लोखंडी धाव मागून गेला. लोखंडाचा भाव त्याला ठाऊक होता, चाकाचा भाव आम्हाला ठाऊक नव्हता, म्हणून ते राहिलं.

या मे महिन्यात त्या चाकावरून माझ्या भावाची आणि माझ्या लेकीची जुंपली. लेक वास्तुशास्त्र शिकली आणि आता जुन्या वारशाच्या जतनाचं काम करते. दादाने उभी हयात फर्निचरच्या कारखान्यात घालवली; आमचे आजोबा चाकं करायचे, वडील खिडक्या-दारं, दादा सोफे आणि कपाटं. मी दोघांच्या मधे बसून रायवळ आंबे पाण्यात टाकत होते. त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मामा, हे चाक इथून हलवायचं नाही," ती म्हणाली. "फक्त याला एक नंबर द्यायचाय."

"नंबर? कैद्याला देतात तसा?"

"इको-म्युझियमच्या यादीतला. लोकांनी चालवलेलं संग्रहालय. इमारत नाही, काचेची कपाटं नाहीत. चाक तुझ्या पडवीत, मासे धरायचा पाग कोळ्याच्या दारात, घाणी जिथे चालते तिथेच. यादी मात्र एक, आणि ती सगळ्यांनी मिळून सांभाळायची."

दादाने आंबा पिळता पिळता विचारलं, "आणि ही अक्कल कुणाची?"

अक्कल फ्रान्सची होती. हा शब्द १९७१ मध्ये ह्यूग द वारीन नावाच्या गृहस्थांनी काढला आणि ल क्रूझो या पोलादाच्या गावी त्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. तिथे श्नायडर घराण्याचे कारखाने होते, तोफा आणि रेल्वेची इंजिनं व्हायची. मालकांच्या हवेलीत संग्रहालय आलं. पण कल्पना अशी की हवेली हे फक्त ठाणं, खरं संग्रहालय म्हणजे आजूबाजूचा सगळा कामगार मुलूख. लेक बोटं मोजत म्हणाली, "नेहमीचं म्युझियम म्हणजे इमारत, वस्तू आणि बघे. हे म्हणजे मुलूख, वारसा आणि तिथेच राहणारी माणसं."

"आणि तो कारखाना?"

"क्रूझो-ल्वार कंपनी १९८४ मध्ये दिवाळखोरीत निघाली."

"बघ," दादा म्हणाला. "म्युझियम झालं आणि कारखाना बसला. आमच्याकडे क्रम उलटा असतो, एवढाच फरक. आधी धंदा बसतो, मग तुम्ही वही घेऊन येता."

लेकीला हे लागलं. तिने फाईल उघडली. फाईल जाडजूड होती: पनवेलची चाकं, तेलघाण्या, उरण-पेणकडची मिठागरं, खाडीतली मासेमारी, बुरुडांच्या टोपल्या आणि सुपं, कातकऱ्यांचा काथ, पेणचे गणपती. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरातली पानंही होती, कारण तेव्हा हा भाग ठाण्यात धरला जाई. पनवेलच्या चाकांची नोंद तिथे आहे.

"वाच की मग," दादा म्हणाला. "चाकं इथे का होत होती ते लिहिलंय का? आपल्या पाण्यात काही जादू होती म्हणून नाही. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला. देशावरचा माल गाड्यांनी घाट उतरून पनवेल बंदरात यायचा, इथून मचव्यांत चढून मुंबईला. घाट उतरलेल्या गाडीचं चाक कसं असेल सांग? खिळखिळं. म्हणून इथे सुतार, म्हणून इथे लोहार. मग १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, ती कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. संपला विषय."

"संपला कसा? १८६३ मध्ये रेल्वे, आणि गॅझेटियर १८८२चं. एकोणीस वर्षांनीही चाकं होतीच ना? रेल्वेने माल पळवला, पण शेतकऱ्याची गाडी कुठे पळवली? पणजोबा कुणासाठी करत होते मग?"

दादा गप्प झाला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आमच्या घरात 'रेल्वेने मारलं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. खरं तर आजोबांचं काम बंद पडताना मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा रेल्वेचा काही संबंध नव्हता. टायरची गाडी आली होती.

"टायरने मारलं," शेवटी तोच म्हणाला. "आणि टायर चांगला होता. बैलाला ओढ कमी, रस्त्याला चरे नाहीत, आणि दर उन्हाळ्यात सुताराच्या दारात यायला नको. आजोबांना वाईट वाटलं, बैलाला वाटलं नसणार. तू यादीत बैलाचं मत कुठे लिहिणार?"

यावर आम्ही तिघंही हसलो. पण तो हसण्यावारी नेत नव्हता. त्याचं म्हणणं त्याने आंब्याचे हात धुऊन, पुन्हा बसून, नीट सांगितलं.

"हे बघ. वारसा वारसा करणारी माणसं कोण असतात? ज्यांच्या घरात तो धंदा कधी नव्हता अशी. आजोबांच्या हातांची नखं मी पाहिलीत. वडिलांनी त्यांना सांगितलं, मी चाक करणार नाही, आणि त्या दिवशी आईने देवाला नारळ फोडला. गावगाड्यात सुताराला बलुतं मिळायचं म्हणून तुला गोड वाटतं. सुगीत खळ्यावर जाऊन पसा पसरायचा असतो, हे तू पाहिलं नाहीस. आणि आम्ही तरी वरच्या ओळीतले. ज्यांच्या वाट्याला मेलेलं ढोर ओढणं आलं, त्यांनी त्याचं म्युझियम करायचं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, तेव्हा मी दुकानात कामाला होतो. उभ्याने वाचलं. त्यानंतर मला ग्रामजीवन या शब्दाची धास्तीच बसली."

"म्हणूनच मी कणेरीसारखं काही करत नाहीये," ती म्हणाली.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. बलुतेदार, शेतकरी, मोट, बैल, खेळणारी पोरं, सगळे माणसाएवढे पुतळे, उघड्या रानात मांडलेले. आम्ही तिघंही एकदा गेलो होतो. लेकीला ते आवडलं नव्हतं. मला आवडलं होतं, हे मी इथे कबूल करून टाकते; माझ्या शेजारी एक म्हातारी पुतळ्याच्या जात्याकडे बोट दाखवून नातीला ओवीची चाल गुणगुणून दाखवत होती, ते कुठल्या पुस्तकात मिळणार? पण दादाचं एक वाक्य तेव्हापासून घरात म्हणीसारखं चालतं: पुतळ्यातला सुतार झकास, त्याला मजुरी द्यावी लागत नाही.

"तेच," लेक म्हणाली. "पुतळ्याला जात असते पण मत नसतं. माझ्या यादीत माणूस येतो, त्याचं म्हणणं येतं. बलुत्याचा राग असेल तर राग येईल. 'आम्ही हे सोडलं आणि बरं झालं' हेसुद्धा नोंदवायचं. त्याला वारसा का म्हणू नये?"

"मग ते म्युझियम नाही. ते जबानीचं दप्तर झालं."

"म्हण काय म्हणायचं ते."

मला वाटलं, इथे दोघं एकमेकांच्या बरेच जवळ आले. पण दोघांनाही ते मान्य नव्हतं, म्हणून वाद लांबला.

दादाने काथाची नोंद काढली. कातकरी हे नावच काथावरून पडलं. खैराचं लाकूड उकळून काथ पाडायचा हा त्यांचा मूळ धंदा. कर्नाळ्याच्या आसपास, माथेरानच्या पायथ्याला आजही त्यांच्या वाड्या आहेत. "हा धंदा टायरने नाही मारला," दादा म्हणाला. "जंगलाच्या कायद्याने मारला. खैराला हात लावला की गुन्हा. मग ती माणसं वीटभट्टीवर गेली, अजून जातात. सरकारदरबारी त्यांची गणती अतिमागास आदिम जमातीत. आता तू वाडीवर जाऊन सांगणार, काथ पाडून दाखवा, शनिवारी पाहुणे येणार आहेत? आणि खैर कुठला देणार? वनखात्याला विचारलंस?"

"विचारलं नाही," तिने मान खाली घातली.

"भट्टीवर जायचे महिने कोणते, ते तरी?"

"दिवाळीनंतर ते पावसापर्यंत."

"म्हणजे तुझ्या पाहुण्यांचा हंगाम आणि वाडी रिकामी असायचा हंगाम एकच."

हा टोला मला फार खरा वाटला. थंडीत मुंबईची माणसं फिरायला निघतात, नेमक्या त्याच वेळी इथल्या वाड्यांतली माणसं पोटापाठी निघतात. संग्रहालयाचं वेळापत्रक कुठलाही तज्ज्ञ करो, त्याला हे आधी कळायला हवं. लेकीने ते वहीत उतरवून घेतलं. तिचा हा गुण माझ्याकडून आलेला नाही.

मग ती तिच्या आवडीच्या उदाहरणाकडे वळली, पिंगुळीकडे. कुडाळजवळच्या त्या गावात ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या चित्रांच्या पोथ्या, बाहुल्या, वाद्यं तिथे आहेत, आणि घरचीच माणसं खेळ करून दाखवतात, शिकवतात.

"हे मला पटतं," दादा लगेच म्हणाला. "का पटतं सांगू? गोठा त्यांचा, बाहुल्या त्यांच्या, किल्ली त्यांच्या कनवटीला. कमिटी नाही. पाहुणा आला की घरातला माणूस दार उघडतो. पण ते एका घराच्या जिवावर चालतं. पुढच्या पिढीतल्या कुणाला पुण्यात नोकरी लागली तर?"

"म्हणून तर कमिटी हवी."

"आणि कमिटी आली की किल्ली कुणाकडे?"

हा प्रश्न त्याने त्या दुपारी चार-पाच वेळा तरी विचारला. सुरुवातीला मला तो आडमुठेपणा वाटला.

लेक म्हणाली की गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' उभं केलंय, शेतीची आणि घरगुती हजारो अवजारं, आणि त्यालाच जोडून 'गोवा चक्र', निव्वळ गाड्यांचं. चाकांवर कुणी एवढा जीव टाकू शकतं हे पाहून तिला आपली पडवी आठवली होती. दादाने ते फोटो मोठे करून करून पाहिले. एका गाडीच्या चाकाच्या तुंब्यावर बोट ठेवून बराच वेळ थांबला. मग फोन परत देत म्हणाला, "एका माणसाचा ध्यास. त्याला मी हात जोडतो. पण तू म्हणतेस ते हे नव्हे. तू म्हणतेस, सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं? आपल्या पनवेलात 'सगळे' कोण ते सांग."

इथे मात्र लेकीकडे तयार उत्तर होतं, आणि दादाकडे त्याहून तयार प्रतिप्रश्न. तिचं उत्तर: प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, २००२ च्या कायद्याने आलेली. ती गावातली झाडं, पिकं, प्राणी, औषधी वनस्पती आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान एका नोंदवहीत लिहून ठेवते, आणि ती माहिती वापरायची तर समितीला विचारावं लागतं. कारागिरीचीही तशीच नोंदवही करता येईल. मालकी गावाची, पान ज्याचं त्याचं.

"गावाची म्हणजे ग्रामसभेची ना?" दादा म्हणाला. "२०१६ मध्ये पनवेलची महापालिका झाली तेव्हा एकोणतीस गावं तिच्यात घेतली. ग्रामपंचायती गेल्या, ग्रामसभा गेल्या. आता तिथे वॉर्ड आहे. त्याच वॉर्डात एका बाजूला मूळ गावठाण, दुसऱ्या बाजूला वीस मजली सोसायट्या. सोसायटीतल्या बाईलाही मत आहे, असायलाच हवं. पण पाग कुठल्या भरतीला टाकायचा हे ज्याला कळतं तो एक, आणि वारसा जपला पाहिजे म्हणणारे दोनशे. मतदान झालं तर काय होईल? शनिवार-रविवारी फूड स्टॉल लागतील."

हे बोलून झाल्यावर त्यालाच जरा जास्त झालं असं वाटलं असावं. "स्टॉल वाईट नसतात म्हणा," तो पुटपुटला.

१८५२ पासून नगरपालिका असलेल्या गावाला आपल्या बंदराची, चाकांची, मिठाची साधी एक खोलीभर आठवण जपता आलेली नाही, हे मला आतापर्यंत खटकायचं. दादाचं ऐकून वाटलं, खोली झाली असती तर ती आज कुणाचं ऑफिस झाली असती ते सांगता येत नाही.

पण लेकीने जमिनीचा मुद्दा काढला तेव्हा मात्र त्याचा आवाज खाली आला. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा अशी दहा गावं उठली. उलव्याचा डोंगर कापला, नदीचा मार्ग वळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली.

"तुझं म्हणणं की धंदा गेला तर जाऊ द्यावा," ती म्हणाली. "पण मामा, तिथे धंदा जाण्याआधी जागाच गेली. खाडीत मासा कुठे मिळतो, खोल कुठे, चिखल कुठे, हे त्या माणसांना नावानिशी पाठ होतं. एकेका वळणाला नाव होतं. ती नावं कुठल्याच नकाशावर नाहीत, आणि आता ती जागाही नाही. ती म्हातारी माणसं पुनर्वसनाच्या प्लॉटवरच्या घरात बसली आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी राहणार नाही. हे लिहून ठेवायचं की नाही? हे म्युझियम नको असेल तर नको. पण हे?"

दादा बराच वेळ बोलला नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"हे लिही," तो म्हणाला. "हे सगळ्यात आधी लिही. चाक थांबेल. चाक कुठे पळून जात नाही."

मला इथे वाद संपेल असं वाटलं. पण आंबे उरले होते.

पैशांचं निघालं. लेकीने मांडलेला हिशोब थोडक्यात असा: कारागीर दाखवायला बसला तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून त्याला रोज द्यायचा, तिकिटातून किंवा देणगीतून. वस्तू घरीच राहणार, पण वाळवी, गंज, पावसातली बुरशी यांचा खर्च संस्थेने करायचा. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात लोखंड आणि बांबू टिकवणं हाच मोठा खर्च. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवायची, म्हणजे दरवर्षी हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. शाळांच्या सहली आणायच्या.

"रोज देऊन बसवलेला कारागीर म्हणजे पुन्हा पुतळाच," दादा म्हणाला. "फक्त चहा पिणारा. गिऱ्हाईक आण. ताऱ्याला बघ."

तारा हे पनवेल-पेण रस्त्यावरचं गाव. तिथे युसुफ मेहेरअली सेंटरचं काम गेली सुमारे सहा दशकं चालू आहे. दवाखाना, शाळा, आणि ग्रामोद्योग, म्हणजे तेलघाणी, साबण, मातीकाम. 'चले जाव' ही घोषणा ज्यांनी दिली त्या मेहेरअलींच्या नावाची ही संस्था. तिचा प्राण असलेले डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ ला, शंभरी ओलांडून गेले. आमच्याकडे तिथलं तेल येतं. लेक म्हणाली, "मग तेच तर इको-म्युझियम झालं!"

"अजिबात नाही. तिथे कुणी घाणी बघायला जात नाही, तेल घ्यायला जातं. तेल चांगलं म्हणून घाणी चालते. घाणी चालते म्हणून बैल असो की मोटर, फिरवणाऱ्याला काम आहे. तू म्युझियमची पाटी लाव, लोक फोटो काढतील आणि तेल डी-मार्टमधून घेतील."

या घाणीवरून मला एक गोष्ट सांगाविशी वाटली, आणि मी त्या दुपारी पहिल्यांदाच मधे बोलले. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांना शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणी बंद ठेवत. पनवेलला १८४९ मधलं त्यांचं सिनेगॉग आहे, इस्राएल तलाव आहे. १९४८ नंतर हळूहळू बहुतेक घरं इस्राएलला गेली. आता या धंद्याचा वारसा कुणाचा? पनवेलचा की तिकडच्या नातवंडांचा? तलावाला नाव राहिलं, तेलाला राहिलं नाही.

"त्या नातवंडांना पत्र लिहू शकतो," लेक म्हणाली. दादाने खांदे उडवले, पण 'नको' म्हणाला नाही.

मग पेणचे गणपती. इथे लेकीची अडचण झाली, आणि तिने ती लपवली नाही. पेण, हमरापूर, जोहे ही गावं वर्षभर गणपती घडवतात; या यादीतला हा एकच धंदा पुरता जिवंत, घराघरात पैसा आणणारा. पण शाडूची माती गुजरातेतून येते, आणि बहुतेक माल प्लास्टरचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही असं बजावलं. "यादीत शाडू घेतली आणि प्लास्टर वगळलं तर नव्वद टक्के कारखाने म्हणतील, आम्ही वारसा नाही काय?" ती म्हणाली. "प्लास्टर घेतलं तर 'इको' शब्दालाच हसतील."

नव्वद हा तिचा अंदाज, मोजलेला आकडा नव्हे. दादाने तेही पकडलं. पण पुढे म्हणाला ते मला महत्त्वाचं वाटलं: "डोळ्यांची आखणी कुठल्या मूर्तीवर होते? दोन्हींवर. तोच हात, तोच ब्रश. तुझी यादी मातीची असेल तर भांडण होईल. हाताची असेल तर होणार नाही."

इतका वेळ जो माणूस म्युझियमच्या विरुद्ध बोलत होता तो यादी कशी असावी हे सांगत होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो थांबला असता.

संध्याकाळ झाली. लेकीने पडवीतल्या चाकाचं चित्र काढलं होतं, नीट मापं घालून: तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव, प्रत्येकाला बाण. मामाला दाखवलं. त्याने चष्मा शोधला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"हे काय? धावेला खिळे कुठून आणलेस?"

"लोखंडी पट्टी लाकडावर बसवलीय म्हणजे खिळे असणारच. गंजल्यामुळे दिसत नाहीत."

"धाव खिळ्यांच्या जिवावर राहत नाही गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या आवाजात राग नव्हता. "धाव चाकापेक्षा थोडी लहान करायची. मुद्दाम. चाकाचा घेर मोजायचा, धावेचा मोजायचा, आणि फरक किती ठेवायचा ते लोहार आणि सुतार मिळून ठरवायचे. मग गोवऱ्यांचा जाळ करून त्यात धाव लाल करायची. तापली की फुगते. दोघांनी चिमट्यांत धरून चाकावर बसवायची, घण घालायचे आणि लगेच पाणी. चुर्र असा आवाज होतो, धूर होतो, आणि धाव आवळली की सगळे आरे, सगळे पुठ्ठे आत दाबले जातात. करकर आवाज करतात. आजोबा म्हणायचे तेव्हा चाक बोलतं. त्या आवाजावरून त्यांना कळायचं, जमलं की फसलं."

लेकीने फोन कधी रेकॉर्डिंगला लावला मला कळलं नाही. त्याला कळलं.

"बंद कर ते."

तिने बंद केलं.

"आधी सांग, हे कुणाकडे राहणार? तुझ्या फोनमध्ये? तुझ्या संस्थेत? तू उद्या नोकरी बदललीस तर?" तोच प्रश्न. पण आता मला कळलं की तो दाराच्या किल्लीविषयी बोलत नव्हता.

ती विचार करून म्हणाली, "एक प्रत तुझ्याकडे. एक नोंदवहीत. आणि तुला वाटलं तर तू पान फाडून घेऊ शकतोस. माझ्या फॉर्मवर तशी ओळ नाहीये. घालते."

"फाडलेलं पान कुणी परत चिकटवायचं नाही."

"नाही."

"आणि हे लोहाराशिवाय अर्धं आहे. सुताराच्या तोंडून धाव ऐकायची म्हणजे वरपक्षाने वधूपक्षाची हकिकत सांगण्यासारखं आहे." तो उठला, चाकाजवळ गेला, वरच्या छत्र्या बाजूला केल्या आणि धावेला हाताने हलवून पाहिलं. ती हलली. लाकूड सुकून सुकून आक्रसलं होतं. "आजोबांची चाकं बांधणाऱ्या लोहाराचा नातू मागच्या आळीत ग्रिल आणि शटरचं काम करतो. उद्या सकाळी जाऊ त्याच्याकडे."

"मी फॉर्म घेऊन येते."

"फॉर्म-बिर्म काही नको. म्युझियमचं नावही काढू नकोस. आपण गिऱ्हाईक म्हणून जायचं. म्हणायचं, चाकाची धाव सैल झालीय, बसवून देशील का, आणि किती घेशील."

"आणि तो म्हणाला, मला येत नाही तर?"

"तर मला माहीत आहे तेवढं मी सांगेन, त्याच्या आजोबांकडून त्याने ऐकलं असेल तेवढं तो सांगेल. आणि भाव सांगितला तर घासाघीस करू नकोस. तुझ्या आईला सवय आहे, तिला घरी ठेव."